रेषा आणि रंग यांच्यामध्ये उरणारी पांढरी किनार: कारण, तपासणी, उपाय

लक्षण नेहमी एकच असतं. कृष्णधवल रेषाचित्र स्कॅन केलं, फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅममध्ये त्याच्या खाली नवा लेयर (वेगळा थर) घेतला, मॅजिक वाँड (सारख्या रंगाचा भाग निवडणारं साधन) किंवा पेंट बकेटने रंग भरले. अख्खं चित्र पडद्यावर ठीक दिसतं. २०० टक्के मोठं करून पाहिलं की काळी रेषा आणि रंग यांच्यामध्ये एक बारीक फिकट दोरा दिसतो. फिक्या पिवळ्यात तो लपून जातो. गडद निळा, विटकरी, बाटली-हिरवा अशा रंगांशेजारी मात्र डोळ्यांना खुपतो. मग बारीक ब्रश घेऊन ती किनार हाताने भरणं सुरू होतं. एखाद्या चेहऱ्यापुरतं ते निभतं. झाडाची पानं भरायला घेतली की दिवस जातो, आणि पुढच्या चित्रात किनार पुन्हा हजर.

हात चुकतो म्हणून ही किनार येत नाही, त्यामुळे हात सुधारूनही ती जात नाही. रंग रेषेच्या कडेपर्यंत नेऊन थांबवलेला असतो. तो रेषेच्या खाली शिरायला हवा. खाली दिलेल्या बहुतेक उपायांचा गाभा एवढाच आहे, फक्त तो कुठे, किती आणि कसा शिरवायचा यात बारकावे आहेत.

आधी तीन तपासण्या

पहिली: रेषेचा लेयर बंद करा आणि फक्त रंग पाहा. रंगांच्या मधून पांढऱ्या वाटा दिसत असतील, म्हणजे जिथे जिथे रेषा होती तिथे तिथे कोरा पट्टा असेल, तर निदान पक्कं झालं. नीट भरलेल्या चित्रात रेषा बंद केल्यावरही रंग एकमेकांना भिडलेले दिसतात, रंगीत कागदाचे तुकडे कापून शेजारी शेजारी चिकटवल्यासारखे.

दुसरी: सगळ्यांत खाली एक लेयर घेऊन त्यात चित्रात कुठेच नसलेला भडक रंग भरा, उदाहरणार्थ झगझगीत राणी रंग. जिथे फट असेल, सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं असेल, तिथून राणी रंग डोकावतो. पांढऱ्यावर पांढरं शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. काम चालू असेपर्यंत हा लेयर ठेवाच, आणि फाइल पाठवण्याआधी तो बंद करायला विसरू नका.

तिसरी: आयड्रॉपर (रंग वाचणारं साधन) कागदाच्या कोऱ्या भागावर ठेवा आणि इन्फो पॅनेलमधले आकडे वाचा. लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५ हवेत (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण उजळ). २३५ किंवा २४० येत असेल तर कागद पांढरा नाही, राखाडी आहे. त्याचा उपाय वेगळा आहे, तो पुढे येतो.

किनार येते कुठून

स्कॅन केलेली किंवा मऊ ब्रशने काढलेली रेषा आपल्याला काळी-पांढरी दिसते, पण पिक्सेलमध्ये ती तशी नसते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उतरताना मध्ये दोन-तीन राखाडी पायऱ्या असतात. एखाद्या कडेवर हे आकडे ०, ६०, १४०, २१०, २५५ असे उतरतात असं धरू. या पायऱ्यांमुळेच रेषा गुळगुळीत दिसते, त्यामुळे त्या नकोशा नाहीत.

आता फोटोशॉपची मॅजिक वाँड घ्या. तिचा टॉलरन्स, म्हणजे क्लिक केलेल्या रंगापासून किती फरक चालेल तो आकडा, मुळात ३२ असतो. पांढऱ्यावर क्लिक केलं की २५५ पासून २२३ पर्यंतचे पिक्सेल निवडले जातात. २१०, १४० आणि ६० बाहेरच राहतात. तिथे रंग पोचत नाही. रेषेचा लेयर मल्टिप्लायवर (वरच्या लेयरचा खालच्याशी गुणाकार करणारा मोड) असेल तर २१० चा पिक्सेल खालच्या पांढऱ्याशी गुणला जाऊन २१० च राहतो, म्हणजे फिकट राखाडी. गडद निळ्याला लागून फिकट राखाडी पट्टी आली की डोळा तिला पांढरी किनार म्हणतो.

त्याच पिक्सेलखाली रंग असता तर काय झालं असतं? मल्टिप्लायचा हिशोब साधा आहे: वरची किंमत गुणिले खालची किंमत, भागिले २५५. खाली निळा ४०, ७०, १४० असेल आणि वर २१० असेल तर उत्तर येतं ३३, ५८, ११५. म्हणजे तोच निळा, जरा गडद. पुढच्या पिक्सेलला आणखी गडद, मग काळा. उतार अखंड राहतो आणि किनार उरतच नाही.

इथे बहुतेक जण टॉलरन्स वाढवून पाहतात. १५०, २००. जाड, स्वच्छ शाईच्या रेषेवर ते चालतंही. पण बारीक रेषेत सगळ्यांत गडद पिक्सेलच ९० किंवा १०० असतो. टॉलरन्स २०० ला नेला की निवड ५५ पर्यंत उतरते, त्या रेषेला ओलांडून पलीकडे जाते आणि केसांचा रंग कपाळावर सांडतो. पेन्सिलीच्या कामात तर टॉलरन्स १०० च्या पुढे नेऊच नये. टॉलरन्सचं काम क्षेत्र ओळखणं एवढंच. कडेखाली शिरायचं काम दुसऱ्या पायरीचं.

भरण्याची रीत

फोटोशॉपमधला क्रम असा (मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड, ऑल्टच्या जागी ऑप्शन):

१. रेषेचा लेयर सगळ्यांत वर, मोड मल्टिप्लाय. त्याला कुलूप लावा. कुलूप लावलेल्या लेयरवरूनही वाँडने निवड करता येते, आणि चुकून रंग त्याच्यावर पडण्याचा धोका राहत नाही.

२. खाली नवा लेयर, नाव 'सपाट रंग'.

३. रेषेचा लेयर निवडून मॅजिक वाँड घ्या: टॉलरन्स ६०, कंटिग्युअस (फक्त सलग भाग निवडणं) चालू, अँटि-अलायस (कड मऊ करणं) बंद. हवा तो भाग क्लिक करा. त्याच रंगाचे इतर तुकडे शिफ्ट दाबून जोडत जा.

४. सिलेक्ट मेन्यू, मॉडिफाय, एक्सपांड: २ किंवा ३ पिक्सेल. निवड तेवढी वाढून रेषेखाली शिरते.

५. 'सपाट रंग' लेयरवर या, ऑल्ट आणि बॅकस्पेस दाबून निवडलेला फोरग्राउंड रंग भरा. कंट्रोल-डी ने निवड सोडा.

चौथी पायरी गाळली की किनार परत आलीच. रोजच्या कामात तिसरी, चौथी आणि पाचवी पायरी जोडून एक अॅक्शन रेकॉर्ड करता येत नाही, कारण क्लिकची जागा दरवेळी बदलते. पण एक्सपांड, लेयर बदलणं आणि भरणं एवढ्यांची अॅक्शन बनवून एका फंक्शन बटणावर ठेवली तर दिवसभरात शेकडो क्लिक वाचतात.

अँटि-अलायस बंद का, असा प्रश्न पडतो, कारण सपाट रंगांची कड मग दातेरी दिसते. दिसू द्या. ती कड रेषेखाली झाकलेली आहे. फायदा मोठा असतो: लेयरवर प्रत्येक रंग एकसंध राहतो, मधल्या छटा तयार होत नाहीत. उद्या सदऱ्याचा निळा बदलायचा झाला तर टॉलरन्स ०, कंटिग्युअस बंद ठेवून एका क्लिकमध्ये सगळा निळा हाती येतो. म्हणूनच सपाट रंग हाताने भरायचे तेव्हाही ब्रश नको, पेन्सिल टूल घ्या. हार्डनेस १०० टक्के केलेला ब्रशसुद्धा कडेला एक-दोन पिक्सेल मऊ करतोच.

दोन रेषा टोकदार कोनात मिळतात तिथे, म्हणजे पानाच्या देठापाशी, डोळ्याच्या कोपऱ्यात, बोटांच्या बेचक्यात, वाँड आतपर्यंत शिरू शकत नाही आणि एक्सपांडही तिथे अपुरा पडतो. राणी रंगाचा लेयर याच जागा दाखवतो. त्या पेन्सिल टूलने हाताने भरायच्या. एवढं हातकाम उरतंच.

वाढ किती पिक्सेलची?

रेषेच्या जाडीच्या निम्मी, हा अंदाज बरोबर ठरतो. ०.३ मिलिमीटरच्या पेनाने काढलेली रेषा ६०० डीपीआयला (स्कॅनमधले दर इंची पिक्सेल) साधारण ७ पिक्सेल जाड येते, तेव्हा ३ पिक्सेल वाढवा. तीच रेषा ३०० डीपीआयला साडेतीन पिक्सेल, तेव्हा १ किंवा २. ०.१ ची रेषा ३०० डीपीआयला जेमतेम एक पिक्सेल. तिथे १ पेक्षा जास्त वाढवलं तर रंग पलीकडे निघतो.

पलीकडे निघालेला रंग प्रत्येक वेळी त्रासदायक नसतो. शेजारच्या भागात नंतर रंग भरला की तो त्यावर बसतो. शेवटी भरलेला रंग सीमेवर जिंकतो. म्हणून आधी पार्श्वभूमी, मग मागच्या वस्तू, मग पुढच्या, असा क्रम ठेवला तर बारीक रेषांवरही निभतं. अडचण फक्त बाहेरच्या कडेला, जिथे पुढे कोरा कागद आहे. तिथे रेषेबाहेर रंगाचा धागा दिसला तर त्या भागापुरती वाढ एकाने कमी करा.

इतर प्रोग्रॅममध्ये हीच गोष्ट

क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये फिल टूललाच 'एरिया स्केलिंग' आहे. २ ते ३ पिक्सेल द्या आणि स्केलिंगचा प्रकार 'टू डार्केस्ट पिक्सेल' ठेवा. वाढ रेषेच्या सगळ्यांत गडद भागापाशी थांबते, त्यामुळे रेषा कमी-जास्त जाडीची असली तरी निम्म्याचा हिशोब आपोआप जमतो. रेषेचा लेयर 'रेफरन्स लेयर' करायला विसरलात आणि टूल फक्त चालू लेयरच पाहत असेल, तर एका क्लिकला पूर्ण पान रंगेल. हा दोष नाही, त्या टूलला रेषा दिसतच नव्हती.

क्रिटामध्ये फिल टूलच्या पर्यायांत 'ग्रो' आहे, तिथे तोच आकडा द्या. 'कलराइझ मास्क' ही तिथली वेगळी सोय: प्रत्येक भागात रंगाचा एकेक फराटा ओढायचा आणि सीमा प्रोग्रॅमने शोधायच्या. मोठ्या आकारांवर हे झकास चालतं. दाट हॅचिंग (जवळजवळच्या बारीक रेषांची छटा) असलेल्या चित्रावर मात्र त्याचे अंदाज निसटतात, तिथे वेळ घालवू नये.

गिंपमध्ये २.१०.१० पासून बकेट फिलला 'फिल बाय लाइन आर्ट डिटेक्शन' हा पर्याय आला. त्यात रेषेचा स्रोत विचारतात. रंगाचा लेयर लगेच खाली असेल तर 'वरचा लेयर' निवडा. रेषेखाली किती शिरायचं आणि किती मोठी फट बंद समजायची, या दोन्हींचे आकडे तिथेच असतात. जुन्या पद्धतीने करायचं तर सिलेक्ट मेन्यूतला 'ग्रो' आहेच.

रंग गळतो तेव्हा

किनारीवर उपाय केला की तिचा जोडीदार समोर येतो: तुटक रेषेतून रंग बाहेर पडणं. क्लिप स्टुडिओचा 'क्लोज गॅप' आणि गिंपचा फटीचा आकडा छोट्या तुटींना पुरतो. हा आकडा फार वाढवला तर मात्र अरुंद पण खऱ्या जागा, जसं बोटांमधली फट, प्रोग्रॅम बंद समजतो आणि तिथे रंग जात नाही.

फोटोशॉपमध्ये एक वेगळा लेयर करा, नाव 'बांध'. पेन्सिल टूल २ पिक्सेल, काळा, आणि जिथे रेषा तुटली तिथे छोटासा बांध घाला. वाँडचं 'सॅम्पल ऑल लेयर्स' चालू करा म्हणजे तिला रेषा आणि बांध दोन्ही दिसतील. सावल्यांचे लेयर असले तर तेवढ्यापुरते बंद ठेवा. सपाट रंग झाले की 'बांध' बंद. मूळ रेषेच्या लेयरवर तुटी बुजवू नका. निब उचलली तिथे रेषा श्वास घेते, आणि रंग भरायच्या सोयीसाठी ती सांधली तर चित्र ताठ होतं.

गळती कुठून होते ते सापडत नसेल तर बकेटने मुद्दाम गळू द्या आणि टॉलरन्स कमी करत जा. ज्या आकड्याला गळती थांबते तो २५५ मधून वजा करा, उरलेल्या किमतीच्या आसपासची राखाडी असलेली जागा म्हणजे फट.

कागद खरोखर पांढरा आहे का

मल्टिप्लायमध्ये २५५ असलेला पांढरा खालच्या रंगाला हात लावत नाही. २३५ असलेला लावतो: खालची प्रत्येक किंमत ९२ टक्के होते. २५५, २२०, ६० असा भरलेला पिवळा २३५, २०३, ५५ होऊन मळका दिसतो. रंग 'बसत नाहीत', 'उठत नाहीत' अशी तक्रार असते तेव्हा निम्म्या वेळी कारण हेच असतं, आणि लोक रंग बदलत राहतात.

उपाय लेव्हल्सचा (काळा आणि पांढरा कुठून धरायचा ते ठरवणारी सोय). पांढरा स्लायडर आत आणून साधारण २२५ ते २३५ वर, काळा ३० ते ५० वर. आकडा चित्रागणिक बदलतो. आयड्रॉपरने कागद २५५ आणि रेषेचा गाभा १० च्या आत आला की थांबा. याहून ओढलं तर बारीक हॅचिंग तुटतं आणि कडा खडबडीत होतात. पेन्सिलीचा राखाडीपणाच हवा असेल तर काळ्या स्लायडरला हातही लावू नका.

कच्चं रेखाटन फिक्या निळ्या पेन्सिलीने केलेलं असेल तर ते खोडायची गरज नाही. स्कॅन रंगीत करा आणि चॅनल्स पॅनेलमध्ये एकेक चॅनल (लाल, हिरवा, निळा यांची वेगवेगळी प्रत) पाहा. निळ्या चॅनलमध्ये फिका निळा जवळजवळ पांढराच दिसतो आणि काळी शाई काळीच राहते. तेवढा चॅनल उचलून रेषेचा लेयर म्हणून वापरा, उरलेली चाहूल लेव्हल्सने जाते.

स्कॅन जेपेगमध्ये ठेवू नका. दाबलेल्या जेपेगमध्ये रेषेभोवती बारीक ठिपक्यांची धूळ जमते, वाँड प्रत्येक ठिपका वगळते आणि सपाट रंग चाळणीसारखा होतो. टिफ किंवा पीएनजी घ्या. शाईच्या रेषांसाठी ग्रेस्केलमध्ये ६०० डीपीआय योग्य. ए-४ पान ६०० ला ४९६० बाय ७०१६ पिक्सेलचं होतं आणि आरजीबीत (लाल-हिरवा-निळा मोड) पूर्ण भरलेला एकेक लेयर साधारण १०० एमबी खातो. ३०० ला तोच २५ एमबी. संगणक रडत असेल तर ६०० ला स्कॅन करून, लेव्हल्स करून, मग ३०० वर आणा. थेट ३०० ला केलेल्या स्कॅनपेक्षा ही रेषा स्वच्छ निघते.

आणखी एक मार्ग आहे आणि कॉमिक्स रंगवणारे तो आवडीने वापरतात. ६०० डीपीआयच्या वर थ्रेशोल्ड लावून रेषा खरोखरच दोनच किमतींची करायची, ० आणि २५५. राखाडी पायऱ्याच नाहीत, म्हणून किनारही नाही. टॉलरन्स ० ठेवून बकेट सरळ कडेपर्यंत भरते. पडद्यावर दाते दिसतात, पण ६०० ला छापलेल्या पानावर डोळ्यांना सहसा जाणवत नाहीत. पेन्सिल, वॉश (पातळ शाईचा हात) किंवा कोरड्या ब्रशच्या चित्राला हा उपाय लावू नये, सगळा पोत मरतो.

किनारीसारखं दिसतं, पण दुखणं दुसरं

रेषेचा लेयर मल्टिप्लायवर आहे तरी सगळं पांढरंच दिसतं, खालचा रंग दिसतच नाही: रेषा एखाद्या ग्रुपमध्ये आहे का पाहा. ग्रुपचा मोड नॉर्मल असेल तर आतला मल्टिप्लाय ग्रुपमधल्याच लेयरशी गुणाकार करतो, बाहेर पाहत नाही. ग्रुप 'पास थ्रू' करा किंवा रेषा बाहेर काढा.

रंग लावला तरी कागद पांढराच राहतो, फक्त राखाडी भाग रंगतात: लेयर 'कलर' किंवा 'ओव्हरले' मोडवर आहे. 'कलर' मोड खालचा उजेड-अंधार तसाच ठेवतो. पांढऱ्याचा उजेड पूर्ण, म्हणून तो पांढराच राहणार, आणि काळा काळाच. जुन्या कृष्णधवल फोटोला रंग देताना हा मोड उपयोगी. रेषाचित्राला तो कामाचा नाही, वॉशच्या मधल्या छटांपुरता फार तर.

लाल निवडला तरी राखाडीच उमटतो: फाइल ग्रेस्केल आहे, इमेज मेन्यूतून मोड आरजीबी करा. बिटमॅप असेल तर फोटोशॉपमध्ये आधी ग्रेस्केल, मग आरजीबी. मोड बरोबर असूनही राखाडी येत असेल तर तुम्ही लेयरवर नाही, त्याच्या मास्कवर (लेयरचा भाग झाकणारा पडदा) रंगवताय. आणि ब्रश काहीच उमटवत नसेल तर कुठेतरी जुनी निवड चालू राहिली आहे. एकदा कंट्रोल-डी दाबून पाहा.

क्रिटात 'इन्हेरिट अल्फा' (रंग खालच्या आकाराबाहेर जाऊ न देणारा पर्याय) लावलं तरी सावली आकाराबाहेर जाते. हा पर्याय खालच्या सगळ्या लेयरचा मिळून आकार पाहतो, आणि त्यात पूर्ण भरलेली पांढरी पार्श्वभूमीही येते. सपाट रंग आणि सावली एका ग्रुपमध्ये टाका, लगेच ठिकाणावर येईल.

सपाट रंग झाल्यावर आकार बदलला तर

दातेरी, शुद्ध रंगांचा लेयर फिरवला किंवा लहान-मोठा केला की प्रोग्रॅम कडांवर मधल्या छटा तयार करतो. मग टॉलरन्स ० ने निवडलेल्या निळ्याभोवती एक पिक्सेल जुना रंग उरतो आणि नवी किनार जन्माला येते, यावेळी रंगीत. आकार आणि फिरवणं रेषेच्या टप्प्यावरच उरका. करावंच लागलं तर सपाट रंगांसाठी इंटरपोलेशन 'निअरेस्ट नेबर' (मधल्या छटा न बनवणारी रीत) ठेवा.

आधीच रंगवून झालेलं चित्र

लेयर शाबूत असतील तर पुन्हा रंगवायची गरज नाही. 'सपाट रंग' लेयरच्या चार प्रती करा. मूव्ह टूल घेऊन एक प्रत बाणाच्या बटणाने २ पिक्सेल वर, एक खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे सरकवा. चारही एकत्र करून मूळ लेयरच्या खाली ठेवा. मूळ रंगांना धक्का लागत नाही. खालून डोकावणाऱ्या प्रती दोन्ही बाजूंनी मिळून ४ पिक्सेलपर्यंतची वाट बुजवतात. फट त्याहून रुंद असेल तर ३ पिक्सेल सरकवा. मग दोन्ही लेयर एकत्र करा. सावल्या क्लिप केलेल्या (खालच्या लेयरच्या आकारापुरत्या बांधलेल्या) असतील तर त्या नव्याने क्लिप कराव्या लागतील.

हाती फक्त सपाट झालेला जेपेग उरला असेल तर त्याची डागडुजी करत बसू नये. मूळ स्कॅन घ्या, नव्याने भरा, आणि जुन्या चित्रातून आयड्रॉपरने रंग उचला. डागडुजीपेक्षा हे लवकर होतं.

पारदर्शक पार्श्वभूमी हवी असेल

मल्टिप्लाय इथे उपयोगाचा नाही. खाली काहीच नसेल तिथे फोटोशॉपमध्ये रेषेच्या लेयरचा पांढरा कागद तसाच दिसतो. तो कागद वाँडने खोडला तर राखाडी पायऱ्या मागे राहतात आणि गडद पार्श्वभूमीवर पुन्हा पांढरी किनार. रेषेतला पांढरेपणा पारदर्शकतेत बदलावा लागतो. गिंप आणि क्रिटामध्ये 'कलर टू अल्फा', क्लिप स्टुडिओत 'कन्व्हर्ट ब्राइटनेस टू ओपॅसिटी'. फोटोशॉपमध्ये फक्त रेषेचा लेयर चालू ठेवून चॅनल्स पॅनेलमधल्या आरजीबीच्या छोट्या चित्रावर कंट्रोल धरून क्लिक करा, निवड उलटी करा, नव्या लेयरवर काळा भरा. कागद आधी २५५ केलेला नसेल तर सगळीकडे धुरकट पडदा येईल, म्हणून लेव्हल्स आधी.

अशा रेषेचा दुसरा लाभ म्हणजे पारदर्शक पिक्सेलना कुलूप लावून रेषेलाच रंग देता येतो: गालाची रेषा तपकिरी, ढगाची निळसर.

सावल्यांबद्दल एवढंच: ३० टक्के काळा वापरू नका. तो तिन्ही रंग सारखेच खाली ओढतो, २४०, १९५, १६० ची त्वचा १६८, १३७, ११२ अशी मातकट होते. मल्टिप्लायवर फिका जांभळट २००, १९०, २२० भरा, तीच त्वचा १८८, १४५, १३८ होते, आणि सावलीत रक्त दिसतं.

छापायला देताना

आरजीबीतला काळा फोटोशॉपच्या जुन्या नेहमीच्या स्वॉप प्रोफाइलने (छपाईसाठी रंग बदलायचा ठरलेला हिशोब) सीएमवायकेत (छपाईचा चार शाईंचा मोड) नेला की तो सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७, ब्लॅक ९० असा चार शाईंचा होतो, एकूण ३०० टक्के. चार प्लेट केसभर जरी सरकल्या तरी प्रत्येक रेषेला रंगीत झालर. रेषा फक्त काळ्या शाईत हवी.

फाइलची प्रत घ्या. रेषा वरच्या पद्धतीने पारदर्शक केलेली असू द्या. रंग आणि सावल्यांचे सगळे लेयर एकत्र करा, रेषा वेगळी ठेवा, मग सीएमवायके करा. विचारलं तर लेयर सपाट करू नका. आता रेषेच्या पारदर्शक पिक्सेलना कुलूप लावून ०, ०, ०, १०० भरा. आकडे हाताने घाला, कारण डी दाबून मिळणारा काळा याही मोडमध्ये चार शाईंचाच असतो. रेषेचा मोड मल्टिप्लाय ठेवा, म्हणजे खालचा रंग काळ्याखाली अखंड राहील.

इथेच किनार शेवटची एकदा उलट्या रूपात भेटते. केस, काळा कोट, रात्रीचं आकाश असे मोठे काळे भाग असतील तर आपण वाढवलेला रंग त्यांच्या कडेखाली जेमतेम ३ पिक्सेल शिरलेला असतो. कडेला काळा अधिक रंग, आत नुसता काळा. छापल्यावर आतला भाग करडा आणि भोवती दाट काळी पट्टी. पडद्यावर ती सहसा दिसत नाही. म्हणून मोठ्या काळ्या भागांखाली पूर्ण भागभर सायन ५० ते ६० टक्के भरून ठेवा, आणि कडेला शेजारचा रंग फार गडद असेल तर त्याची बेरीज पाहा: सायन १००, मॅजेंटा ९०, यलो ३० वर काळा १०० म्हणजे ३२० टक्के. बारीक रेषेखाली ते खपतं. पण वर्तमानपत्री कागदाची मर्यादा साधारण २४० असते, तिथे एवढी शाई वाळत नाही आणि समोरच्या पानावर उमटते. छापखान्याला त्यांचा आकडा आधी विचारा आणि खालचा रंग तेवढा उतरवा.